सातवीनंतर कोण?

पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये आयुका, म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, या संस्थेच्या साहाय्याने आपल्या शाळांतील मुलांची तीन टप्प्यांत चाळणी केली, त्यांतून ७५ विद्यार्थी निवडले आणि त्यांपैकी २५ जणांना अमेरिकेतील नासाची व ५० जणांना इस्रोची केंद्रे दाखविण्याचे ठरविले. जुन्नर आणि आंबेगाव धरून तेरा तालुक्यांतील शेतकरी, शेतमजूर आणि आदिवासी कुटुंबांतील मुलांना सार्वजनिक पैशातून असा प्रवास घडावा, ही गोष्ट निःसंशय चांगली आहे आणि तिच्यावर उधळपट्टीचा आरोप करणाऱ्यांनी खासगी शाळांच्या परदेश सहलींचे दर एकदा पाहावेत. प्रश्न प्रवासाचा नसून प्रवासानंतरचा आहे. गणित-विज्ञानात विशेष गती असलेले मूल शोधणे हे एक काम आणि त्याला त्याच्या गतीने शिकविणे हे दुसरे काम. महाराष्ट्रातील शिक्षणव्यवस्था पहिल्या कामात तरबेज झाली आहे आणि दुसरे काम कोणाचे, हे तिने अद्याप ठरविलेले नाही.

याचे एक कारण निव्वळ प्रशासकीय आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक गावांत चौथी-पाचवीपर्यंत आणि मोठ्या गावांत सातवी-आठवीपर्यंत असतात, तर पुढचे शिक्षण प्रामुख्याने खासगी संस्थांच्या अनुदानित विद्यालयांकडे आहे. त्यामुळे सहावी-सातवीत हेरलेले मूल वर्षा-दोन वर्षांत, ज्या यंत्रणेने त्याला हेरले तिच्याच कक्षेबाहेर जाते. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी आणि प्राथमिक शिक्षक यांची जी साखळी त्याच्या निवडीसाठी राबली, तिचा त्याच्याशी संबंध संपतो, आणि नव्या विद्यालयात ते साठ मुलांच्या तुकडीतले एक मूल होऊन बसते. बीजगणित, भूमिती आणि खरे भौतिकशास्त्र ज्या वयात सुरू होते, नेमक्या त्याच वयात हा सांधा निखळतो.

निवडीच्या परीक्षांचा तर तुटवडा नाही. प्राथमिक व उच्च प्राथमिक स्तरांवरील शिष्यवृत्ती परीक्षा, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आठवीत होणारी परीक्षा, नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा आणि त्यांच्या भोवती वाढलेल्या असंख्य खासगी स्पर्धा, यांसाठी जुन्नर-आंबेगावातील शिक्षक जादा तास घेतात, दिवाळीच्या सुट्टीतही वर्ग भरवितात, आणि गुणवत्ता यादीत किती मुले आली यावर शाळेची पत ठरते. राष्ट्रीय पातळीवर १९६३ मध्ये सुरू झालेली विज्ञान प्रतिभाशोध योजना मूळची केवळ मूलभूत विज्ञानांसाठी होती आणि तिच्यात शिष्यवृत्तीधारकांसाठी उन्हाळी वर्गही असत. पुढे १९७७ मध्ये ती सर्व विषयांना खुली झाली आणि २०२१ नंतर तर ती परीक्षाच थांबली आहे. या इतिहासात परीक्षा अनेक दशके टिकली, तिच्या जोडीचे अध्यापन मात्र आधीच गळत गेले, याची फारशी कोणी खंत केलेली दिसत नाही.

परीक्षेविषयीही एक तांत्रिक मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. इयत्तेच्या अभ्यासक्रमावर बेतलेल्या प्रश्नपत्रिकेत चांगली तयारी केलेली मुले आणि विलक्षण विचारशक्ती असलेली मुले एकाच उंचीवर अडतात, कारण दोघांनाही जवळजवळ पूर्ण गुण मिळतात. मोजमापशास्त्रात याला छताचा परिणाम म्हणतात. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात यावर साधा उपाय योजिला: बारा-तेरा वर्षांच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाची गणिताची परीक्षा द्यायला लावली, आणि नेहमीच्या चाचणीत सारखी दिसणारी मुले तिथे एकमेकांपासून दूर पसरली. मुख्य म्हणजे ही परीक्षा देऊन मुलांना घरी पाठविले गेले नाही, त्यांच्यासाठी वेगाने पुढे जाणारे गणिताचे वर्ग लगोलग उघडले गेले.

कोणाला परीक्षेला बसविले जाते, हाही तितकाच महत्त्वाचा भाग आहे. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड परगण्यात पूर्वी शिक्षक किंवा पालक ज्यांची शिफारस करीत त्याच मुलांची चाचणी होई. सरसकट सर्व मुलांची चाचणी सुरू झाल्यावर गरीब आणि अल्पसंख्य घरांतून निवडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय वाढली, असे डेव्हिड कार्ड आणि लॉरा जिउलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याला हा निष्कर्ष थेट लागू पडतो. तेथील महादेव कोळी समाजाची अनेक मुले आश्रमशाळांत शिकतात. त्या शाळा आदिवासी विकास विभागाच्या घोडेगाव प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी आखलेल्या योजनेत आश्रमशाळेचे मूल आपोआप धरले जात नाही. आहुपे परिसरातील मुलाच्या बुद्धीला कोणत्या खात्याच्या शाळेत नाव घातले आहे याच्याशी काहीच कर्तव्य नसते. शासनाला मात्र असते.

आता प्रगत अभ्यासक्रम म्हणजे काय, याचा विचार करू गेल्यास या दोन तालुक्यांइतकी अनुकूल जागा राज्यात क्वचितच सापडेल. नारायणगावाजवळच्या खोडद येथे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यवर्ती चौकात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. या तबकड्या एकेकट्या पाहत नाहीत. प्रत्येक दोन तबकड्यांच्या जोडीने टिपलेल्या संकेतांची तुलना होते आणि त्या तुलनांतून आकाशाचे चित्र घडते. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या किती, हा प्रश्न सातवीतील मुलाला विचारता येतो. पहिली तबकडी २९ जणींशी जोडली, दुसरीला नव्या २८ उरल्या, तिसरीला २७, असे करीत एकपर्यंत बेरीज केली की ४३५ हे उत्तर येते, आणि ही बेरीज न करताच उत्तर कसे मिळेल हे शोधता शोधता मूल आपल्या पायांनी अंकगणिती श्रेढी आणि संयोगांच्या गणिताच्या दारात येऊन उभे राहते. दुसरा प्रश्न भौतिकशास्त्राचा. तबकडीचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. मग लहरी भोकांतून निसटून का जात नाहीत? हायड्रोजनच्या अणूकडून येणाऱ्या रेडिओ लहरीची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर असते आणि जाळीची छिद्रे एक ते दोन सेंटिमीटरची आहेत, म्हणून त्या लहरीला ती जाळी सलग पृष्ठभागासारखीच भासते, वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला. हे उत्तर सांगून टाकायचे नसते. तरंगलांबी म्हणजे काय, इथपासून ते मुलाने गाठायचे असते.

याच जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात, राणी नागनिकेशी जोडला जाणारा शिलालेख आहे आणि यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेचे आकडे त्यात ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. त्या पद्धतीत स्थानिक किंमत, म्हणजे अंकाच्या जागेवरून त्याचे मोल ठरविण्याची रीत, नाही: दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार होतात. जुन्नरची सहल नाणेघाटाला दर वर्षी जाते, रांजण पाहते, कड्यावर छायाचित्रे काढते आणि परतते. त्याऐवजी अशा पद्धतीत ९,९९९ पर्यंतच्या सर्व संख्या लिहायला किमान किती मूळ चिन्हे लागतील, दोन संख्यांचा गुणाकार कसा करावा लागेल आणि शून्य आल्याने नेमके काय सोपे झाले, असे प्रश्न घेऊन मुले तिथे गेली, तर जी गोष्ट पाठ्यपुस्तकात दुसरीतच उरकली जाते, तिच्यात दोन तास रमण्याजोगे गणित आहे हे त्यांना दिसेल. प्रगत अभ्यासक्रम म्हणजे नववीचे पुस्तक सातवीत वाचणे, हा शिकवणी वर्गांनी रुजविलेला समज आहे. वेग हा त्याचा एक भाग असला तरी खोली त्याहून दुर्मीळ आणि अधिक गरजेची आहे.

खोडदला दर वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या आसपास, विज्ञान प्रदर्शन भरते, परिसरातील शाळा आपले प्रकल्प मांडतात आणि पंचक्रोशी लोटते. या जत्रेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण प्रदर्शनातल्या प्रकल्पाला बांधणी चांगली लागते आणि प्रश्न चांगला असावाच लागतो असे नाही, म्हणून ठिबक सिंचनाच्या आणि पवनचक्कीच्या त्याच त्या प्रतिकृती वर्षानुवर्षे फिरत राहतात, आणि मार्च उजाडला की परीक्षा सुरू होतात.

सलग अध्यापन वाडी-वस्तीपर्यंत पोहोचवायचे कसे, याचे एक जुने आणि विलक्षण स्वस्त उत्तर रशियात सापडते. इस्राएल गेलफांड हे विसाव्या शतकातील थोर गणिती युक्रेनमधील एका लहान गावात जन्मले होते. त्यांनी १९६४ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या आधाराने पत्रद्वारे चालणारी गणितशाळा सुरू केली, ती मोठ्या शहरांपासून दूरच्या मुलांसाठी. मुलांना टपालाने प्रश्नसंच जात, मुले उत्तरे लिहून पाठवीत, विद्यापीठातील विद्यार्थी ती तपासून, केवळ चूक-बरोबर न करता, विचार कुठे घसरला ते लिहून परत पाठवीत. त्या शाळेत ‘सामूहिक विद्यार्थी’ अशीही एक सोय होती: एखाद्या गावातील काही मुले आणि त्यांचे शिक्षक मिळून एकच विद्यार्थी म्हणून नाव नोंदवीत आणि एकच वही पाठवीत. दोन शिक्षकी शाळांच्या मुलखासाठी याहून नेमकी रचना कल्पिणे कठीण आहे, कारण तिच्यात शिक्षकही मुलांबरोबर शिकतो आणि आपल्याला येत नाही हे कबूल करण्याची त्याला लाज वाटत नाही. अशी पत्रशाळा येथेही चालविता येईल: वह्या तपासायला जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथील महाविद्यालयांत विज्ञानाचे पदवी विद्यार्थी आहेत, प्रश्नसंच सिद्ध करण्याची क्षमता आयुका, आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), आणि गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान यांच्यापाशी आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळासमूह व जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे स्थापण्याची शिफारस आधीच करून ठेवली आहे.

पाचवीतील कित्येक मुलांना भागाकार येत नसताना मूठभर हुशार मुलांवर खर्च कशाला, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. मात्र तो निवडक सहलीला जितका लागू पडतो, तितका गावोगावच्या सामूहिक वहीला लागू पडत नाही, कारण तिथे दार कोणालाही आणि कोणत्याही वर्षी उघडे ठेवता येते, आणि तिसऱ्या प्रश्नावर अडलेले मूल बाहेर फेकले जात नाही. शिवाय शहरातील हुशार मुलाला शिकवणी, पुस्तके आणि शिकलेले पालक असतात. सरकारी शाळेतील हुशार मुलाची सोय सरकारने केली नाही, तर ती कोणीच करीत नाही.

जिल्हा परिषदेला यासाठी नवी परीक्षा घेण्याची गरज नाही. अंतिम ७५ जणांखेरीज पहिल्या-दुसऱ्या टप्प्यांत चमकून मग गळालेली मुले कितीतरी अधिक होती, आणि त्यांची नावे व गुण तिच्याकडेच असणार. ती यादी, आश्रमशाळांतील मुलांची तशीच चाचणी घेऊन वाढवावी आणि जूनपूर्वी दोन्ही तालुक्यांतील माध्यमिक विद्यालयांच्या मुख्याध्यापकांकडे पोहोचवावी. आठवडी तासिकेत सामूहिक वहीसाठी वेळ धरण्याची आणि एका गणित शिक्षकाकडे तिचे काम सोपविण्याची सूचना शिक्षणाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने देता येईल. जूननंतर ही मुले निरनिराळ्या विद्यालयांत विखुरलेली असतील आणि त्यांना पुन्हा शोधायला आणखी एक परीक्षा घ्यावी लागेल.