ऋणको कोण?

अंगारकी चतुर्थीस राजूरच्या गणपतीपुढें जी गर्दी लोटते, तींत आमच्यासारख्या सुशिक्षितांचा भरणा कांहीं कमी नसतो. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या, म्हणजे तर विद्येच्या या दैवताचें स्मरण विशेषच तीव्र होतें. पण देवळाच्या वाटेवर नारळ-फुलें विकणाऱ्या दहावींतल्या मुलास कॉलेजांत जावयाचें आहे, असें कोणी सांगितलें कीं, हीच भाविक मंडळी एकाएकीं व्यवहारपटु होतात. “अहो, बी. ए. होऊन त्यानें करावयाचें काय? त्यापेक्षां एखादा धंदा शिकेल तर पोटाला लागेल!” धंदेशिक्षण इतकें हितावह असेल, तर त्याचा आरंभ या मंडळींनीं आपल्याच घरापासून कां केला नाहीं, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे. धंदा आम्ही हलका मानीत नाहीं. जालन्याच्या सळयांच्या कारखान्यांत घाम गाळणाऱ्याची योग्यता आमच्या व्याख्यानांहून तिळभरही कमी नाहीं. पण तेथें जावें कीं कॉलेजांत, हें त्या मुलानें ठरवावें. त्याच्या वतीनें आम्ही ठरविणारे कोण?

राजूर हें भोकरदन तालुक्यांतील गांव जालन्यापासून सुमारें 25 किलोमीटरांवर आहे. कॉलेज मात्र या मुलखापासून कितीतरी वर्षें दूर होतें. पुण्यास फर्ग्युसन कॉलेज 1885 सालीं निघालें. मराठवाड्यावर राज्य निजामाचें. त्यानें 1918 सालीं हैदराबादेस स्थापिलेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू. 1948 सालीं ती राजवट संपली. 1950 सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस कॉलेज काढलें, तेंच पुढें मिलिंद झालें. आणि विद्यापीठ यावयास 1958 साल उजाडलें. ज्यांच्या घरांत चार पिढ्या पदव्या नांदत आहेत, त्यांनीं या मुलास “तुझा कल नाहीं” म्हणणें, हा तर्क नव्हे, निर्लज्जपणा आहे.

दुसरा आक्षेप जरा गोंडस आहे. “आम्ही मदत करूं, पण हा शिकून पुण्यास पळणार, मग गांवास काय मिळालें?” वाहवा! आमचे चिरंजीव सरकारी पैशावर चालणाऱ्या आय. आय. टी. मधून निघून कॅलिफोर्नियास गेले, म्हणजे आम्ही पेढे वाटतों. तेव्हां ऋणाची वही कोणी उघडीत नाहीं. ती वही फक्त गरिबासाठीं राखलेली आहे!

1913 सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर अमेरिकेस गेले, तेव्हां परतल्यावर दहा वर्षें बडोद्याची चाकरी करण्याचें त्यांनीं लिहून दिलें होतें. वचनाप्रमाणें ते 1917 सालीं बडोद्यास गेले, तों त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. आतां करार कोणी मोडला, हें वाचकांनींच ठरवावें. त्या विद्येचें फळ बडोद्यास मिळालें नाहीं, तें पुढें औरंगाबादेस मिळालें. भाऊराव पाटलांनीं 1919 सालीं रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहांतल्या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंचे दागिने विकले गेले. तेथलाच एक गरीब विद्यार्थी, पी. जी. पाटील, बॅरिस्टर होऊन साताऱ्यास परतला व त्याच संस्थेंत शिकवूं लागला. पुढें तो शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरुही झाला.

कोणी म्हणेल, आतां सरकार शुल्क देतें. खरें आहे. 2024 सालीं तर अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलींचें व्यावसायिक शिक्षणाचें शुल्क कांहीं अटींवर पूर्ण माफ झालें. पण पोर अडते ती शुल्कापाशींच असें नाहीं. खोलीचें भाडें, खाणावळ, आणि घरांत येणारी तिची मजुरी बंद झाली तर ती भरून कशी काढावयाची, या गोष्टी कोणत्या अर्जांत लिहावयाच्या? दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीस गेले, म्हणजे धाकट्या भावंडांस सांभाळावयाचें कोणी?

राजूरच्या मुलामुलींस आमचें सांगणें आहे कीं, तुम्हीं खुशाल कॉलेजांत जावें, कोणाची क्षमा मागूं नये. मात्र दुसऱ्या वर्षाच्या जूनमध्यें एकदां आपल्या शाळेंत जाऊन खालच्या वर्गांतील दोघांचे उत्पन्नाचे दाखले काढवावे, वसतिगृहाचे अर्ज भरून घ्यावे. कारण कोणत्या तारखेस कोठें जावें, हें न कळल्यानेंच कित्येकांचें वर्ष बुडतें. आणि ज्या वाचकांस हें पटेल, त्यांनीं आपल्या शहरांत एका विद्यार्थ्याच्या खाणावळीस महिना काय पडतो याची चौकशी करावी, व ती रक्कम जूनपासून परीक्षेपर्यंत, नांव न लावतां, पोंचती करावी.