स्टाइलशीटला घर कुठे द्यायचं?

मंडळी, देवनागरी वेबपानांसाठी एक समाईक, मुक्त स्टाइलशीट हवं, याबद्दल दुमत नसावं. लाईन-हाईट कमी पडली की वरच्या ओळीतल्या उकाराला खालच्या ओळीतला रफार जाऊन धडकतो. इंग्रजीसाठी ठेवलेलं लेटर-स्पेसिंग मराठीला लागलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. हे आपण सगळे आपापल्या साइटवर वेगवेगळं दुरुस्त करत बसतो. एकत्र करूया, पण कुठे?

"गिटहबवर टाक की!" हे पहिलं उत्तर. गर्दी तिथेच आहे, हे खरं. मुंबईच्या एक टाइपच्या 'मुक्ता' या मुक्त फॉन्टचा सोर्ससुद्धा तिथेच आहे. पण फुकटच्या घरांचा इतिहास बघा. २००६ साली आलेलं गूगल कोड २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. गिटोरियस २०१५ मध्येच गेलं. खुद्द गिटहब २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं.

मग स्वतःचा सर्व्हर? गिटलॅबची मुक्त आवृत्ती तशी चालवता येते. पण बिल आणि अपडेट शेवटी एकाच्याच गळ्यात पडतात. तो ऑनसाइट गेला किंवा त्याचं लग्न ठरलं की प्रोजेक्ट संपला.

मी राहतो त्या चारकोपचंच उदाहरण घ्या. १९८५ च्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात, जागतिक बँकेच्या मदतीने, म्हाडाने इथे सोयींसह भूखंड दिले. पाणी, गटार, रस्ता योजनेचा. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. गिटहबकडे असंच बघावं. भूखंड त्यांचा, घर आपलं. गिटच्या प्रत्येक क्लोनमध्ये कोडचा पूर्ण इतिहास येतो, त्यामुळे कोड उचलून दुसरीकडे नेता येतो. इश्यूंमधली चर्चा मात्र त्या क्लोनमध्ये येत नाही. म्हणून लाईन-हाईट अमुकच का ठेवली, हे रेपॉझिटरीतल्या साध्या फाइलीत लिहून ठेवायचं.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जोडाक्षर चुकलंय हे आधी कोणाला दिसतं? मराठीच्या शिक्षकाला, डीटीपीवाल्याला. त्यांना पुल रिक्वेस्ट शिकायला लावणं म्हणजे दारातूनच परत पाठवणं. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर लेख कोणीही सुधारू शकतो, पण सगळ्या साइटला लागू होणाऱ्या सीएसएसला २०१८ पासून फक्त इंटरफेस प्रशासकच हात लावू शकतात. दार उघडं, मीटर रूमला कुलूप. हेच बरोबर आहे.

तेव्हा माझं मत गिटहबला, पण चार अटींवर. दुसऱ्या ठिकाणी रोज आपोआप प्रत जावी. निर्णय फाइलीत असावेत. किल्ल्या निदान तिघांकडे असाव्यात. आणि स्क्रीनशॉट साध्या ईमेलने पाठवला तरी तो इश्यू म्हणून नोंदला जावा. यातली चौथी अट पाळायला सगळ्यात कंटाळवाणी आहे. पण ती सोडली, तर घर कुठेही घ्या, ते फक्त आपल्या इंजिनियर लोकांचंच राहील.

असो. तुम्हाला काय वाटतं?