दहा मिनिटांची परीक्षा

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्यापूर्वी मध्यमवर्गीयापुढे मोटार निवडण्याचा प्रश्न फारसा नव्हताच. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीसाठी नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, एवढेच त्याच्या हाती होते. ती टंचाई संपली. मिळेल ते मुकाट्याने घेण्याची सवय मात्र सुटलेली नाही. आज लहान गाड्यांचे अनेक पर्याय समोर असताना शिक्षक वा कारकून पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचे ओझे शिरावर घेतो, ते बहुधा शेजाऱ्याच्या शब्दावर आणि विक्रेत्याने घडविलेल्या दहा मिनिटांच्या फेरीवर. मंडईत वांगीही पारखून घेणाऱ्याने येथे इतके भोळे व्हावे, हे नवलच होय.

गुळगुळीत रस्ता आणि आत दोनच माणसे असली, की कोणतीही नवी गाडी चांगलीच वाटते. खरी तुलना करावयाची तर पसंतीच्या दोन-तीन गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, घरची माणसे बसवून चालवावयास हव्यात. वातानुकूलन चालू असता गाडी चढावर थांबून पुन्हा कशी निघते, खड्ड्यात मागे बसलेल्यांना हिसका किती बसतो, गुडघे दुखणाऱ्या आईला चढता-उतरता येते काय, अरुंद बोळातून मागे घेताना काय दिसते, याची उत्तरे माहितीपत्रकात नसतात. त्यातील इंधनाचा प्रमाणित आकडाही प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. जागोजागी सिग्नलला थांबणाऱ्या शहरात तो सहसा पदरी पडत नाही.

तथापि सर्वांत मोलाची गोष्ट कोणत्याही फेरीत दिसत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतलेल्या धडक-चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एअरबॅग नसलेल्या त्या गाड्यांपैकी एकीलाही प्रौढांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. त्यांतील फोक्सवॅगन पोलोच दोन एअरबॅगसह तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. नाव एक, रूप एक. अंतर मात्र जीवन-मरणाचे. पुढे एअरबॅग सक्तीच्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही सुरू झाले. परंतु त्यात गाडी तपासून घेणे कंपन्यांच्या इच्छेवर सोडलेले आहे. म्हणूनच ‘या गाडीला तारे किती, आणि तपासली नसेल तर का नाही?’ हे ग्राहकानेच विचारले पाहिजे.

काचेच्या झगझगीत दालनात बेताच्या मिळकतीचा माणूस संकोचतो. अधिक वेळ मागणे त्याला अशिष्टपणाचे वाटते. वास्तविक तेथे उपकार कोणीच कोणावर करीत नसतो. अर्ध्या तासाचा संकोच टाळला नाही, तर त्याची किंमत पुढे कित्येक वर्षे साऱ्या कुटुंबाला मोजावी लागते.