मोबाईल बंद, शेक चालू!

परवा जव्हारला एका दवाखान्यात मामांचा ईसीजी काढायला गेलो होतो. कागदावरची रेघ नुसती थरथरत होती. "मोबाईल बंद करा!" मी तो केव्हाच बंद केलेला... पलीकडच्या खोलीत कुणाच्या तरी गुडघ्याला डायथर्मीचा शेक चालू होता. तो संपला आणि रेघ सुधारली!

मंडळी, हे शेकाचं यंत्र २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतं. म्हणजे साधारण ११ मीटरची रेडिओलहर, आणि शक्ती शेकडो वॅट. जुन्या टूजी मोबाईलची जास्तीत जास्त २! विटांची भिंत या लहरींना अडवत नाही, आणि ईसीजीच्या वायरी म्हणजे आयत्या अँटेना. तरी पाटी कुणासाठी? मोबाईलवाल्यासाठी.

शहरात शंका आली तर शेजारी दुसरं मशीन असतं. मोखाड्याच्या पाड्यावरून आलेल्याला मात्र "नाशिकला न्या". उसन्या पैशांची गाडी, रात्रीचा घाट, आणि तेही एका खोट्या रेघेपायी? उलट, खरा बिघाड "मशीनचंच काहीतरी असेल" म्हणून सोडून दिला तर?

"आमच्याकडे यंत्रं आली हेच नशीब" असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. शेकाची खोली लांब न्या, वीजजोडणी वेगळी करा. जागा नसेल तर निदान वेळा वेगळ्या ठेवा. पेसमेकरवाल्यांसाठी दारावर पाटी लावा. यात फार खर्च कुठे आहे?

फीत कापताना फोटोत दहा जण असतात. 'यंत्र ठेवायचं कुठे?' हे विचारणारा त्यात एक तरी असावा ना!

असो. पुन्हा रेघ थरथरली तर पेशंटच्या खिशाआधी भिंतीपलीकडे बघा.