'तमाशा' हा शब्द जरा जपून!



"काय तमाशा लावलाय?" वर्गात गोंधळ झाला की आपण सहज बोलून जातो. मीही बोलायचे. आता टाळते. का, ते सांगते.

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त यांचं 'थ्रीपेनी ऑपेरा' १९२८ साली रंगमंचावर आलं. पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणलं आणि नाव दिलं 'तीन पैशाचा तमाशा'! १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते सादर केलं. दिग्दर्शक होते जब्बार पटेल.

प्रेक्षकांशी थेट बोलायचं, मध्येच गाणं घ्यायचं, हसता हसता विचार करायला लावायचं, ही ब्रेख्त यांची रीत. आपला सोंगाड्या बतावणीत, वगात हेच तर करत आलाय! म्हणूनच हा परदेशी पाहुणा मराठी रंगभूमीवर इतका रमला.

आपल्या ओतूरपासून जवळच, नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या तिथं ठरतात. फडातल्या कलावंतांची मुलंही कुणाच्या तरी वर्गात बसतात. 'तमाशा' हा शब्द आपणच रागावताना वापरला, तर त्या लेकरांनी आईबापांच्या कलेकडे कसं बघायचं?

यंदा स्नेहसंमेलनात एक बतावणी बसवून बघा. मुलं धीटपणे बोलायला लागतील.