भजी, केळं आणि दम्याचा पंप

मुलांनो, महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावात मृग लागला की भिंतींना ओल येते, कोपऱ्यात बुरशी धरते आणि ज्याला दमा आहे त्याची छाती घरघरू लागते. मग घरात फर्मान निघतं : केळं नको, पेरू तर मुळीच नको! आणि त्याच संध्याकाळी पाऊस बघत ताटलीभर भजी मात्र चालतात. हे जरा उलटंच झालं की!

दमा म्हणजे नुसता कफ नव्हे. श्वासनलिकांना आतून सूज आलेली असते. मुरगळलेला पाय सुजतो ना, तसंच काहीसं. फक्त दिसत नाही. सुजेनं नळी अरुंद झालेली असते. त्यात चुलीचा धूर, बुरशी किंवा सर्दी यांची भर पडली की नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि शिट्टी वाजू लागते.

आता यात खाण्याचा काय संबंध? ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल इथल्या संशोधकांनी काही दमेकऱ्यांना बर्गर आणि तळलेला बटाटा असं भरपूर चरबीचं जेवण दिलं. चार तासांनी त्यांच्या बेडक्यात सुजेच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा गुणही कमी आला. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये त्यांनी दुसरा प्रयोग छापला. त्यात भाज्या आणि फळं अगदी कमी खाणाऱ्यांचा दमा, भरपूर खाणाऱ्यांपेक्षा लवकर उसळला. गंमत म्हणजे, कमी खाणाऱ्यांना टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या देऊनही काही फरक पडला नाही. म्हणजे टॉनिकच्या बाटलीपेक्षा ताटातली भाजी बरी!

हे प्रयोग थोड्याच आणि मोठ्या माणसांवर झाले. शिवाय भजी म्हणजे बर्गर नव्हे. तेव्हा कधीतरी दोन भजी खाल्लीत म्हणून कुणी रागावू नये. पण केळं ‘थंड’ म्हणून सुजेत भर घालतं, याला काही आधार नाही. एखादा पदार्थ खाऊन ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर तो बंद करून डॉक्टरांना सांगायचं. उगीचच सगळी फळं तोडायची नाहीत. पावसात टाकळा, कुर्डू, भारंगी मिळतात, त्या खा. भारंगी दम्यावरचं औषध म्हणून जुन्या लोकांना ठाऊक आहे. तुम्ही ती भाजी म्हणूनच खा.

आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप हीच सूज उतरवतो. त्याची ‘सवय’ लागत नाही. मूल बरं दिसतंय म्हणून तो परस्पर बंद करू नका. कुठलीही भाजी त्याच्या जागी चालत नाही. आणि बोलताना मुलाचं वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर काढा उकळत बसू नका. धाप लागल्यावर घ्यायचा पंप द्या आणि रात्र असली तरी गाडी बघून महाडचा दवाखाना गाठा.