शुद्धीची भाषा

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के; पण विश्रांतीतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तोच घेतो. मानेतील कॅरोटिड धमनी आतून अरुंद झाली, तर पक्षाघात टाळण्यासाठी ती उघडून साफ करतात. त्यासाठी ती काही काळ चिमट्याने बंद ठेवावी लागते. बोटाला लावलेले यंत्र त्या वेळी रक्तातील प्राणवायू दाखवते. मेंदूला रक्त पुरेसे पोहोचते की नाही, हे त्यावरून कळत नाही. पूर्ण भूल दिली असता कपाळावरील संवेदक, मेंदूचा विद्युत्-आलेख अशा अप्रत्यक्ष साधनांवर विसंबावे लागते. केवळ मान बधिर केली, तर रुग्ण जागा असतो. त्याला हात दाबायला सांगणे आणि बोलते ठेवणे हीच परीक्षा. वाचा अडखळली, की नळी बसवून रक्तप्रवाह पूर्ववत करतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ३,५२६ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही पद्धतींच्या परिणामांत निर्णायक फरक आढळला नाही. तेव्हा पद्धतीचा वाद येथे नाही. प्रश्न एवढाच, की रुग्णाला बोलते ठेवायचे ते कोणत्या भाषेत?

तंजावरात हा प्रश्न काल्पनिक नाही. घरात तंजावरी मराठी आणि दारात तमिळ, असे जगणारी कुटुंबे येथे सतराव्या शतकापासून आहेत. त्यांना तमिळ उत्तम येते, मग अडचण कसली, असे कोणी म्हणेल. परंतु बहुभाषिकाच्या मेंदूला इजा झाली असता त्याच्या सर्व भाषा सारख्याच बाधित होतात असे नाही, हे पित्र या फ्रेंच वैद्याने १८९५ मध्येच दाखवले होते. शिवाय भयाच्या क्षणी एखादी वृद्धा सहज मराठीत बोलू लागली, तर ऐकणाऱ्याने तो भ्रम समजावा की मातृभाषा? एका बाजूने अनावश्यक नळी, दुसऱ्या बाजूने हातचा गेलेला क्षण.

दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८–१८३२) घरी मराठी बोलत. तरीही त्यांच्या आश्रयाने ‘शरभेंद्र वैद्य मुरैगल’ हे वैद्यकग्रंथ तमिळ पद्यात रचले गेले. औषध रुग्णाच्या भाषेत असावे, हा विवेक या नगरीला नवा नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाची घरची भाषा व बोलण्याची नेहमीची ढब नोंदवावी, आणि ती जाणणारे माणूस उशाशी असावे. भाषाभ्यासकांनी तंजावरीतील नित्याची वाक्ये व नावे यांची लहानशी यादी करून द्यावी. बोलीसंग्रहाचा याहून निकडीचा उपयोग मला तरी दिसत नाही.